रुक्मिणीबाईंचे सोमवार

रुक्मिणीबाईंनी ग्लास तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि मध्येच थांबून समोरच्या मायकलला विचारलं, "हे उपासाला चालतं ना?"

मायकल त्या सेंटरमध्ये एमआरआयचं यंत्र चालवायचा. आत शॉक बसतो का, जीव गुदमरतो का, कवळी काढून ठेवायची का, असल्या प्रश्नांची त्याला सवय होती. हा प्रश्न मात्र नवा असावा. त्यानं हातातल्या बाटलीकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं आणि हसू दाबून सांगितलं, "चालतं, मावशी. धान्य नाही यात. पाणीच आहे, थोडं गोड केलेलं."

रुक्मिणीबाईंचं समाधान झालं. त्यांनी ग्लास रिकामा केला आणि पुढचा भरून घ्यायला हात लांबवला. शेजारी बसलेली त्यांची सून राधिका तेवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली. सोमवार होता. सोमवारी ही तपासणी ठेवू नकोस, असं तिनं उमंगला, आपल्या नवऱ्याला, चांगलं बजावलं होतं. पण यंत्राची वेळ सोमवारचीच मिळाली, आणि उमंग आईला बायकोच्या हवाली करून सकाळीच कामावर निघून गेला.

बाटल्यांमधलं सगळं पाणी तासाभरात संपवायचं होतं. त्या पाण्यानं आतडं आतून भरतं, वळ्या सुट्या होतात आणि मग काय आहे ते दिसतं, असं मायकलनं समजावून सांगितलं होतं. धडधाकट माणसानंही दुसऱ्या बाटलीला तोंड फिरवलं असतं. रुक्मिणीबाई मात्र तीर्थ घ्यावं तशा शांतपणे पीत होत्या. पदराखाली त्यांचा डावा हात बेंबीच्या बाजूला टेकलेला होता. जपाला बसल्या तरी त्यांचा हात तिथंच असायचा, त्यामुळे राधिकाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

रुक्मिणीबाईंच्या उपासांचा उमेळे गावात मोठा लौकिक होता. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय एकादशी, संकष्टी, आणि श्रावण लागला की विचारायलाच नको. आठवड्यात जेवणाचे दिवस शोधून काढावे लागत. बरं, उपास म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारायचा उपास नव्हे. एखादं केळं, कपभर ताक, संपलं. त्यामुळे आळीत एक रीतच पडून गेली होती. कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, कुणाचा निकाल लागायचा असला, कुणाचा मुलगा जहाजावरच्या नोकरीच्या बोलावण्याकडे डोळे लावून बसला, की बायका केळीच्या बागेतून वाट काढत यायच्या, पायरीवर टेकायच्या, इकडच्या तिकडच्या गप्पा करायच्या आणि उठताना म्हणायच्या, आमच्यासाठी एक सोमवार धर. शेजारच्या वाडीतली कॅथरिनसुद्धा यायची. ती आधी चर्चमध्ये मेणबत्ती लावायची आणि तिथून सरळ इकडे. दोन्हीकडे सांगून ठेवलेलं बरं, असा तिचा साधा हिशोब होता. रुक्मिणीबाई कुणाला नाही म्हणत नसत.

राधिकाला या उपासांचा मनापासून राग होता. ती माणिकपूरच्या फ्लॅटमधली, नोकरदार घरातली मुलगी; शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न होऊन आली तेव्हा तिनंही हौसेनं संकष्टी धरली होती. दुपारी शाळेत कुणीतरी सामोसे आणले आणि तिनं बोलता बोलता एक खाऊन टाकला. घरी येऊन तिनं ते हसत हसत सांगितलं आणि तिथंच चुकली. त्या सामोशाची कीर्ती आठवडाभरात आळीच्या शेवटच्या घरापर्यंत गेली. तेव्हापासून सासूच्या उपासांचं कौतुक निघालं की ऐकणाऱ्यांची नजर हळूच सुनेकडे वळायची. रुक्मिणीबाई स्वतः कधी चकार शब्द बोलल्या नाहीत, हे खरं. पण न बोलणारी सासूही काही कमी जड नसते.

आणि आता तीच बाई वाळून कोळ झाली होती. आधी धाप लागायला लागली, मग जीभ सोलवटल्यासारखी लाल झाली, मग तळपायांना मुंग्या. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या. वजन घटतंय म्हणून एका डॉक्टरांनी, घरात कुणी साधं खोकत नसताना, टीबीची औषधं सुरू केली. ती महिनोन्‌महिने घेऊन फरक शून्य. वरून दुर्बीण घातली, खालून घातली, दोन्हीकडे सगळं ठीक. आळीत कुणी म्हणायचं दृष्ट, कुणी म्हणायचं वय. घरात मात्र सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता आणि तो कुणी उच्चारत नव्हतं. पोटात कुठंतरी गाठ असणार, असं उमंगनं धरूनच चालवलं होतं. राधिकानंही.

शेवटी माणिकपूरच्या एका वयस्कर डॉक्टरांनी सगळे कागद बाजूला सारून सांगितलं, की वरची दुर्बीण जिथं थांबते आणि खालची जिथं थांबते, त्यांच्या मध्ये कित्येक हात लांब आतडं उरतं. ते अजून कुणी पाहिलेलंच नाही. राधिकाला हे वाक्य फार आवडलं होतं. ती दरवर्षी फळ्यावर गुलाबी खडूनं लहान आतड्याचा गुंता काढायची आणि मुलांना सांगायची की सगळं पचन इथंच होतं. त्या गुंत्यात शिरून पाहायची कुणाला गरज पडेल, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

पाणी संपत आलं तेव्हा आतल्या खोलीतून डॉक्टर उर्सुला तुस्कानो बाहेर आल्या. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, पायात खेळायचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. अशा खोल्यांतले डॉक्टर फोटो बघतात आणि कागद पाठवून देतात, एवढंच राधिकाला माहीत होतं. या बाई खुर्ची ओढून रुक्मिणीबाईंच्या समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

पोट दुखतं का, त्यांनी विचारलं. रुक्मिणीबाई नाही म्हणाल्या. जेवल्यावर फुगतं का? नाही. मळमळ? नाही. नुसता अशक्तपणा, बाकी काही नाही. हेच उत्तर त्यांनी आजवर प्रत्येक डॉक्टरला दिलं होतं. जेवण कसं आहे, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मात्र राधिकाला राहवलं नाही. तिनं उपासांची सगळी यादी म्हणून दाखवली. आवाजात थोडी धार होती, ती तिलाही जाणवली.

डॉक्टर यादी ऐकत रुक्मिणीबाईंकडेच बघत होत्या.

"आणि उपासाच्या दिवशी कसं वाटतं, मावशी?"

"बरं वाटतं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. मग घाईनं पुढं, "देवाचं असतं ना, म्हनून."

डॉक्टरांनी मान हलवली आणि विषय बदलला. माहेर कुठलं, वाडी कुठं, असं विचारता विचारता निघालं की दोघींची गावं एकमेकींच्या शेजारचीच. मग दोघी आपल्या गावबोलीवर उतरल्या. इतक्या वर्षांनंतरही राधिकाला त्यातलं निम्मंच कळायचं. बावखलाचं काहीतरी चाललं होतं, वाडीतल्या गोड्या पाण्याच्या त्या तळ्यात मुली कशा बुड्या मारायच्या त्याचं. सासूला अशी खळखळून बोलताना तिनं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. उठताना डॉक्टरांनी राधिकाला विचारलं, की मावशी म्हणाल्या तुम्ही विज्ञानाच्या बाई, मग बाहेर काय बसता? आत काचेमागे येऊन बसा.

काचेपलीकडे रुक्मिणीबाईंना त्या पांढऱ्या बोगद्याच्या फळीवर पालथं झोपवलं होतं. पालथं झोपल्यानं आतडी पसरतात, चित्र चांगलं येतं. आतड्याची हालचाल थोडा वेळ मंदावावी म्हणून हाताच्या शिरेतून एक इंजेक्शन दिलं होतं. बाकी सगळं त्यांच्यावर होतं. श्वास चालू असला की पोट हलतं, आणि पोट हललं की चित्र पुसटतं. म्हणून दरवेळी श्वास सोडून तसंच थांबायचं, मायकल सांगेपर्यंत.

"श्वास घ्या, मावशी. सोडा. आता थांबा."

यंत्राची ठकठक सुरू झाली. काचेमागेही तिचा आवाज डोक्यात बसत होता. राधिकानं नकळत आपलाही श्वास धरला आणि मध्येच सोडून दिला. रुक्मिणीबाई हलल्या नाहीत. ठकठक थांबली, मायकलनं घ्या म्हटलं, तेव्हाच त्यांच्या पाठीवरची चादर वर झाली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. लिटरभर आणि वर पाणी पिऊन, ती हाडांची काडी झालेली बाई पालथी पडून होती, आणि एकही चित्र हललं नाही. मायकल म्हणाला की जिममध्ये जाणारी पोरं इथं रडकुंडीला येतात. राधिकाला अभिमान वाटला, आणि आपल्याला अभिमान वाटतोय याचं आश्चर्यही वाटलं.

पडद्यावर चित्रं उतरत होती. डॉक्टर एकामागून एक चित्र सरकवत होत्या, जणू पोटाच्या आतून चालत निघाल्या होत्या. पाण्यानं भरलेलं आतडं पांढरं, त्याची भिंत काळी रेघ. राधिकाचा फळ्यावरचा गुंता इथं खरा होता, आणि कितीतरी सुंदर होता. प्रत्येक वळीला आत बारीक घड्या, एकीला लागून दुसरी. आपल्या खडूच्या चित्राची तिला लाजच वाटली.

डॉक्टरांचा हात थांबला. त्या दोन चित्रं मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या.

तिथं वळीच्या बाहेरच्या अंगाला एक गोल पांढरा फुगा होता, बारीक मानेनं आतड्याला जोडलेला. पलीकडे आणखी एक. मग एक लहान.

"गाठी आहेत का?" तिनं विचारलं. इतके दिवस न उच्चारलेला शब्द असा सहज तोंडातून गेला.

त्यांनी तीच जागा समोरून पाहिली, मग आडवी, मग बाजूनं. मग त्या मायकलला म्हणाल्या, की हलती चित्रं परत घेऊ. राधिकासाठी त्यांनी एवढंच सांगितलं, की आतड्याची वळी वाकली तरी कधी कधी असा फुगा दिसतो. पण आतडं आवळलं की तो नाहीसा होतो. खरी पिशवी असेल तर ती जागची हलत नाही. इंजेक्शनचा असर ओसरू द्यायचा होता. वेळ संपला होता, बाहेर पुढचा पेशंट येऊन बसला होता. डॉक्टरांनी बाहेर निरोप पाठवला, थांबा म्हणून, आणि त्या हाताची घडी घालून पडद्याकडे बघत राहिल्या. आजवर रुक्मिणीबाईंच्या पोटासाठी इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं. घरच्यांनीही नाही, हेही राधिकाच्या मनात आलं.

हलती चित्रं आली. आतडं हळूहळू आवळत होतं, सैलावत होतं, पाणी पुढं ढकलत होतं. फुगे जागच्या जागी होते. पाणी त्यांच्यात शिरत होतं आणि तिथंच राहत होतं.

"गाठ नाही," डॉक्टर उर्सुला म्हणाल्या. "भिंत कुठं जाड नाही, कुठं अरुंद नाही. टीबीही नाही. पिशव्या आहेत." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "किती वर्षं सोसलं असेल हिनं."

मायकलनं रुक्मिणीबाईंना हाताला धरून बाहेर आणलं. डॉक्टरांनी त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि बोटानं दाखवून सांगितलं. लहान आतड्याच्या भिंतीला बाहेरून या पिशव्या आल्यात. अन्न पुढं जायचं सोडून यांच्यात साचतं, जंतू वाढतात, आणि अंगाला लागायचं ते जीवनसत्त्व तेच खाऊन टाकतात. म्हणून रक्त नाही, म्हणून पायांना मुंग्या. यावर औषध आहे. जंतू मारायच्या गोळ्या अधूनमधून घ्याव्या लागतील, इंजेक्शनं घ्यावी लागतील, आणि थोडं थोडं पण रोज खावं लागेल. बाकीचं माणिकपूरचे डॉक्टर सांगतील. ऑपरेशनची आज तरी गरज दिसत नाही.

रुक्मिणीबाई पडद्याकडे टक लावून बघत होत्या.

"दुखनं दिसतं यात?" त्यांनी विचारलं.

"दुखणं नाही दिसत, मावशी. पण जिथं दुखत असणार ती जागा दिसते." डॉक्टरांनी त्यांच्या पदराखालच्या हाताकडे पाहिलं. "तिथंच ठेवलाय तुम्ही हात. जेवलं की दुखतं ना?"

रुक्मिणीबाईंनी सुनेकडे पाहिलं. शाळेत चोरी पकडली गेलेल्या मुलीचा चेहरा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. राधिकाला वाटलं, आपण बाहेर जावं.

"खूप वर्षं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "जेवलं नाही की दुखत नाही, ते माझं मला कळलं. तेव्हा घरात माझी सासू, दोन जावा. सून जेवत नाही म्हटलं की घर विचारतं. नखरे म्हनतं, माहेरी धाडतं. उपास म्हटलं की कोन विचारत नाही."

यंत्राचा पंखा तेवढा चालू होता.

"एक सोमवार केला. बरं वाटलं. मग गुरुवार धरला." त्यांचा आवाज खाली गेला. "मग लोक यायला लागले. मी कुनाला काय सांगनार होते? देवाच्या नावावर मी माझं पोट राखलं, बाय. सगळे सोमवार खोटे माझे."

डॉक्टर उर्सुलांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. आतड्याला विश्रांती हवी, हे तुम्ही कुठल्याही डॉक्टरशिवाय ओळखलंत, त्या म्हणाल्या. फक्त त्या विश्रांतीनं तुम्हीच उपाशी मरायला लागलात. ते आता बंद करायचं. बाकी देवाचं देव बघेल, तो माझ्या मशीनमध्ये येत नाही. रुक्मिणीबाईंना हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले.

रिक्षात बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "घरात सांगू नको." राधिकानं मान हलवली. पुढचा सगळा रस्ता ती बाहेर बघत होती. आधी तिला सपाटून राग आला. सगळ्या आळीनं तिला ज्या उपासांच्या तराजूत तोललं, ते उपास असे निघावेत, आणि बिचाऱ्या एका सामोशानं इतकी वर्षं शिक्षा भोगावी. माणिकपूरचा बाजार मागं पडेपर्यंत तो राग टिकला. मग तिला त्या पालथ्या पाठीवरची न हलणारी चादर आठवली. ही बाई केळीचे घड सोलून उन्हात सुकेळी घालत होती, लग्नाकार्यात शंभर माणसांना वाढत होती, वाढताना सगळ्या वासांच्या मधोमध उभी राहत होती, आणि हे पोटात घेऊन. एकदाही कपाळाला आठी नाही. राधिकाला स्वतःची डोकेदुखी आठवली, जी घरातल्या प्रत्येकाला दोनदा सांगितल्याशिवाय थांबत नसे. तिनं सासूचा हात धरला. इतक्या वर्षांत असा धरला नव्हता, त्यामुळे दोघींनाही थोडं अवघडल्यासारखं झालं.

घरी सासरे, गुरुदत्त, ओट्यावर वाट बघत बसले होते. समोर विड्याची पानं होती आणि एकही पान लावून झालेलं नव्हतं.

"गाठ?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. गाठ नाही."

त्यांनी पानं उचलली आणि उगाचच फडक्यानं पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. राधिकानं पिशव्यांचं सगळं सांगितलं, औषधांचं सांगितलं, आणि उपास आजपासून बंद असंही सांगितलं. का धरले होते, ते सांगितलं नाही.

पुढं जे झालं ते मात्र दोघींच्याही ध्यानीमनी नव्हतं. बातमी आळीत फिरली, आणि फिरता फिरता तिचं तोंड उलटं झालं. रुक्मिणीबाईंना पोटाचा आजार होता म्हणून उपास होते, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. लोकांनी आपला अर्थ लावला. उपास धरून धरून हिच्या आतड्यांना भोकं पडली. आणि कुणासाठी धरले? आमच्यासाठी. बायका ओशाळ्या होऊन यायला लागल्या. कुणी खिमट आणलं, कुणी अळवाचं फदफदं, कुणी वाडीतली पपई. एकीनं तर पायावर डोकं ठेवलं आणि रुक्मिणीबाई विंचू चावल्यासारख्या मागं सरकल्या. आधी त्या भाविक होत्या. आता पार संत झाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी देवासमोर बसायचंही टाळलं. राधिकानं एकदा हळूच म्हटलं, की खरं सांगून टाकू या का? त्यांनी जोरात मान हलवली. ज्या लोकांनी माझ्यावर भरवसा टाकला त्यांचं काय, त्या म्हणाल्या, आता सांगून मी मोकळी होईन, ते काय होतील?

औषधं लागू पडली. आधी जिभेची आग गेली. मग मुंग्या पायांच्या टोकांपर्यंत मागं हटल्या. रुक्मिणीबाई थोडं थोडं करत दिवसातून चार-पाचदा जेवू लागल्या, आणि सोमवारी दुपारी त्या भात कालवायला बसल्या की गुरुदत्त काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात डोकावून जायचे. एका रविवारी त्यांनी ओल्या बोंबलांचं कालवण मागून घेतलं. त्यांना मासे आवडतात हे राधिकाला त्या दिवशी कळलं. गालांवर मांस आलं, बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या थांबल्या. काही महिन्यांनी पुन्हा तपासायला गेल्यावर माणिकपूरच्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघून चक्क टेबलावर थाप मारली.

मग एका दुपारी कॅथरिन आली. इतके दिवस ती तोंड चुकवत होती. पायरीवर बसली आणि आधी रडून घेतलं. माझ्या पोराच्या, बर्नार्डच्या, नोकरीसाठी मीच तुला दोन सोमवार धरायला लावले, म्हणाली, मला काय ठाऊक तुझ्या आतड्यांवर येईल म्हणून. आता परत कधी मागणार नाही. मग जाता जाता, मागायचं म्हणून नव्हे, नुसतं सांगायचं म्हणून, तिनं सांगितलं की बर्नार्डच्या बायकोचे दिवस भरत आलेत, बाळ आडवं आहे, आणि बर्नार्ड तिकडे समुद्रावर.

"येत्या सोमवारी मी धरते," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

कॅथरिन घाबरली. "नको गो बाय. मी मागितला नाय."

"तू नाहीच मागितला. मी धरते."

कॅथरिन गेल्यावर राधिका चिडली. डॉक्टरांनी मना केलंय, इतक्या महिन्यांची मेहनत आहे, आणि आता तर लपवायला दुखणंही राहिलेलं नाही, मग हा हट्ट कशासाठी? रुक्मिणीबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की फोन लाव. माणिकपूरच्या डॉक्टरांना नव्हे, उर्सुलाबायला. जिनं आतून पाहिलंय तिलाच विचारणार. राधिकानं नाइलाजानं फोन लावला. दोघी बराच वेळ गावबोलीत बोलल्या. शेवटी रिसीव्हर राधिकाच्या हातात आला. डॉक्टर म्हणाल्या की एक दिवस चालेल, गोळी चुकवू नका, पाणी भरपूर. आणि दुखायला लागलं तर ताबडतोब जेवायचं, मावशींनी तसा शब्द दिलाय.

सोमवार आला. सकाळी रुक्मिणीबाईंनी केळं खाल्लं, गोळी घेतली. बाराच्या सुमारास गुरुदत्त जेवून वाडीत गेले. राधिकाला शाळेला सुट्टी होती. तिनं तरीही सासूचं ताट वाढलं आणि चुलीशेजारी झाकून ठेवलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "दुखतंय का, आई?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही गो. भूक लागलीय."

"मग जेवा ना."

रुक्मिणीबाई पाटावर बसल्या होत्या. झाकलेल्या ताटातून भाताची वाफ येत होती. त्यांनी त्या वासापासून तोंड फिरवलं नाही. उलट एक लांब श्वास घेतला आणि धरून ठेवला. मग हळूहळू सोडला. कपाळावर बारीक घाम होता.

"लई कठीन असतं हे," त्या म्हणाल्या. "लोक कसे धरत असतील?"

राधिकानं चुलीवरची आमटी उतरवली आणि सासूसमोर जमिनीवर टेकली. स्वतःचं ताट तिनं घेतलं नव्हतं, ते तिच्या नंतर लक्षात आलं. घर शांत होतं. त्या शांततेत रुक्मिणीबाईंच्या पोटातून भुकेचा मोठा गुरगुर आवाज आला, अगदी स्पष्ट, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा.

रुक्मिणीबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं, आई," राधिका म्हणाली.